सिंक दर तीन आठवड्यांनी तुंबतंय? पुडी ओतण्याआधी हे तपासा

गेल्या हिवाळ्यात आमच्या ओट्याचं सिंक चार वेळा तुंबलं. दर वेळी तीच तऱ्हा. आधी पाणी रेंगाळायला लागतं, मग भांडी घासताना जाळीपाशी फेस साचतो, आणि एका सकाळी डब्यांच्या घाईत सिंक काठोकाठ भरून उभं राहतं. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून ड्रेन क्लीनरची पुडी आणायची, ओतायची, वरून पाणी टाकायचं. खदखद आवाज यायचा, नाकाला झोंबणारी वाफ यायची आणि पाणी सुटायचं. वीस-बावीस दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

चौथ्या वेळी एका पुडीने भागलं नाही. दुसरी ओतली, तरी पाणी जागचं हललं नाही. शेवटी प्लंबरला बोलावलं. दादा आले, सिंकखाली बसले, बादली लावली आणि ट्रॅपची, म्हणजे सिंकखाली पाणी अडवून धरणाऱ्या वळणाच्या भागाची, वाटी फिरवून काढली. आतलं पाणी भसकन त्यांच्या उजव्या हातावर आलं. थोड्या वेळाने बोटं एकमेकांवर चोळत ते म्हणाले, "ताई, यात काही टाकलंय का तुम्ही? हात बुळबुळीत लागतोय." साबण लागल्यासारखं वाटत होतं त्यांना. पण तो भांड्यांचा साबण नव्हता. पुडीतला कॉस्टिक सोडा त्यांच्या कातडीवरच्या चरबीचा साबण करत होता. मी त्यांना नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धरायला लावला. तरी मनगटाजवळ रुपयाएवढा लालभडक चट्टा उठलाच.

त्यांनी वाटी खोलण्याआधी मी सांगायला हवं होतं. मला सुचलंच नाही, कारण त्या पुडीत नेमकं काय असतं याचा मी तोवर कधी विचारच केला नव्हता. त्यानंतर मात्र नीट शोध घेतला. सिंक पुन्हा पुन्हा का तुंबतं, काय ओतलं तर चालतं, काय ओतू नये, आणि ओतलेलं पुढे कुठे जातं, ते सगळं इथे लिहिते आहे. आमचं घर पुण्यात धनकवडीच्या बाजूला, जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. तुमच्याकडे थोडा फरक असेल, पण दुखणं बहुधा हेच असणार.

आधी बघा, तुंबलंय कुठे

फक्त ओट्याचं सिंक तुंबलं असेल आणि बाथरूम, बेसिन व्यवस्थित वाहत असेल, तर अडथळा सिंकखालच्या ट्रॅपमध्ये किंवा तिथून भिंतीत जाणाऱ्या पाइपमध्ये आहे. हे घरच्या घरी निघतं. सिंक आणि मोरी दोन्हीकडे पाणी रेंगाळत असेल, किंवा सिंक सोडलं की मोरीच्या जाळीतून गुडगुड आवाज येत असेल, तर अडथळा पुढे आहे, इमारतीच्या उभ्या पाइपात किंवा खालच्या चेंबरमध्ये. वरच्यांनी पाणी सोडलं की तळमजल्यावरच्या मोरीत वर येत असेल, तर चेंबरच भरलेलं आहे. या दोन्ही प्रकारांत तुमच्या सिंकमध्ये ओतलेली कोणतीही पावडर, रासायनिक असो की हिरवी, तिथवर पोचेपर्यंत पातळ होऊन जाते. तिथे सोसायटीने माणूस बोलावून यंत्राने लाइन साफ करून घेणं हाच उपाय.

आमचं पहिल्या प्रकारातलं होतं. तरी मी चार वेळा पुडी ओतली.

ट्रॅपमध्ये काय निघालं

दादांनी वाटी कागदावर उपडी केली. आत विझलेल्या मेणबत्तीसारखा पांढुरका, राखाडी थर होता, बोटभर जाड. त्यात चहाचा चोथा, मोहरीचे दाणे, घासणीचे हिरवे धागे आणि भाताची शितं रुतून बसली होती. वास खवट तेलाचा. आणि तळाशी दगडासारखा कडक, खडबडीत गोळा. तो दादांनी स्क्रूड्रायव्हरने ठोकून काढला. तो गोळा माझ्या पुड्यांचा होता. पावडर पुरेशा पाण्याविना एका जागी बसली की तेलाशी मिळून तिचा कडक साबण होतो आणि घट्ट बसतो. म्हणजे तुंबलेलं सोडवायला जे ओतलं, त्यातलंच थोडं तुंबायला कारण झालं होतं.

खरा दोष मात्र वाटीच्या पुढे निघाला. ट्रॅपपासून भिंतीपर्यंत आमच्याकडे तो घड्यांचा, वाकणारा वेस्ट पाइप होता. जुन्या घरांत सर्रास असतो, कारण स्वस्त पडतो आणि कसाही वळवता येतो. त्याच्या आतल्या प्रत्येक घडीत तेल अडकतं. शिवाय तो मध्येच पोटाशी झोळीसारखा लोंबत होता, त्यामुळे त्या खोलगट भागात पाणी कायम साचलेलं. दादांनी तो काढून सरळ, गुळगुळीत आतला, दीड इंची पीव्हीसी पाइप टाकला आणि त्याला भिंतीकडे उतार दिला. सिंक दर महिन्याला तुंबत असेल, तर सगळ्यात आधी खाली वाकून हा पाइप बघा. घड्यांचा असेल, लोंबत असेल, तर जगातलं कुठलंही क्लीनर तुम्हाला कायमचं उत्तर देणार नाही.

हे सगळं हिवाळ्यातच का व्हायचं, तेही उमगलं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठायला लागतं. डालडा आणि तूप त्याहून आधी घट्ट होतात, पामतेलही थंडीत दाटतं. पुण्यात जानेवारीच्या सकाळी नळाचं पाणी बर्फासारखं येतं. कढई गरम पाण्याने आणि साबणाने विसळली तरी तेल फक्त थोडं अंतर पुढे जातं, थंड पाइपाला लागतं आणि तिथेच बसतं. त्यावर चोथा, त्यावर शितं. दिवाळीचं तळण संपलं की डिसेंबरात प्लंबरला धावपळ का असते, ते मला आता कळतं.

टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्यानेही यात भर पडते. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका करतं. तुमच्या बादलीच्या कडेला पांढरी रेघ बसत असेल, तर तीच रेघ पाइपाच्या आतही बसते आहे.

पुडीत असतं काय

बाजारातली पांढरी पावडर म्हणजे बहुतेक वेळा सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच कॉस्टिक सोडा, आणि त्यात ॲल्युमिनियमचे बारीक तुकडे. पाणी लागलं की कॉस्टिक स्वतःच तापतं. ॲल्युमिनियमशी त्याची क्रिया होऊन आणखी उष्णता आणि हायड्रोजन वायू निघतो. तो खदखद आवाज त्याचाच. हायड्रोजन पेट घेतो, म्हणून शेजारी गॅस चालू ठेवून ही पुडी ओतणं धोक्याचं आहे. या उष्णतेनेच घरातले पीव्हीसी पाइप मऊ पडतात, कारण ते साधारण ६० अंशांच्या पाण्यापर्यंतच वापरण्याजोगे असतात. सांधे सैल होतात आणि मग गळतीचा नवा खर्च.

द्रव क्लीनर बहुधा गंधकाम्लाचे किंवा हायड्रोक्लोरिक आम्लाचे. संडास साफ करायचं ॲसिड हे त्याच जातीचं. काही बाटल्यांत ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. यांपैकी कुठल्याही दोन गोष्टी एकत्र करू नका. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो फुप्फुसं जाळतो. कॉस्टिक आणि ॲसिड एकत्र आले की उकळी फुटून पाणी अंगावर उडतं. सकाळी पुडी टाकली, नाही उतरली, म्हणून दुपारी ॲसिड ओतलं, असे अपघात घरोघरी होऊ शकतात आणि बोलले जात नाहीत.

अंगावर उडालंच तर भरपूर वाहतं पाणी, किमान १५ ते २० मिनिटं. लिंबू, व्हिनेगर चोळू नका. डोळ्यात गेलं तर तसंच धूत राहा आणि धुणं थांबताच तडक दवाखाना गाठा.

हे पाणी जातं कुठे

आमच्या इमारतीच्या मागून आंबिल ओढा जातो. कात्रजकडून येतो, दांडेकर पुलाखालून पुढे जाऊन मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याला पूर आला होता, इकडच्या प्रत्येकाला ती रात्र आठवते. आमची लाइन मैलापाण्याच्या पाइपात जाते, पण चेंबर तुंबून उफाळलं की ते पाणी उताराने ओढ्यात उतरतं. गच्ची किंवा पार्किंग ॲसिडने धुतलं तर त्या जाळ्यांतलं पाणी बहुतेक ठिकाणी पावसाळी गटारात जातं, आणि ते गटार कुठल्याही शुद्धीकरणाशिवाय थेट ओढ्यात.

मुठा आणि मुळा संगमावर भेटतात, पुढे मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. भीमा दौंडवरून उजनी धरणात जाते. सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं. उजनीच्या खाली तीच भीमा पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. माझ्या सासूबाई आषाढीला वारीत असतात. वाळवंटात पोचल्या की आधी चंद्रभागेत उतरतात, तोंडात पाणी घेतात, मग दर्शनाच्या रांगेकडे. माझ्या सिंकचं पाणी आणि त्यांची ओंजळ यांच्यामध्ये फक्त अंतर आणि थोडं शुद्धीकरण आहे. हे कळल्यावर मी पुडी आणणं बंद केलं.

इथे एक खरी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर लोक घाबरतात आणि मग काहीच ऐकत नाहीत. एका घरातली एक पुडी नदी मारत नाही. कॉस्टिक सोडा पुढे पातळ होतो, पाण्यातल्या इतर गोष्टींशी मिळून त्याचे क्षार होतात. मैलाशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा पीएच ६.५ ते ९ च्या दरम्यान असावा असा नियम आहे, आणि मोठ्या प्रवाहात एका पुडीने तो हलत नाही. पण त्याच केंद्रात पाणी शुद्ध करण्याचं काम जीवाणू करतात, आणि त्यांच्याकडे ब्लीच, ॲसिड, फिनेल यांचा मारा लाखो घरांतून होत असतो. जिथे लाइनच शुद्धीकरण केंद्राला जोडलेली नाही, तिथे हे सगळं कच्चंच ओढ्यात जातं. ओढ्याच्या उथळ, उन्हाळ्यातल्या बोटभर पाण्यात थोडं ॲसिडही बेडकांना आणि माशांच्या पिलांना पुरेसं होतं. पुण्यात जपानी कर्जाच्या जायका प्रकल्पातून रोज एकूण ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची ११ नवी केंद्रं आखली गेली, पण केंद्र कितीही मोठं असलं तरी आपण पाण्यात काय ओततो ते त्याला घरात येऊन थांबवता येत नाही.

आणि नदीच्या आधी माणूस येतो. चेंबर उघडणारा माणूस. चेंबरच्या गाळात गंधकाची संयुगं असतात, त्यावर ॲसिड पडलं की सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सुटतो. जास्त प्रमाणात असला की तो आधी वास घेण्याची शक्तीच मारतो, त्यामुळे धोका कळतच नाही. माणसाला गटारात उतरवून धोकादायक सफाई करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी वरून बांबू, सळई घालून काम करणाऱ्याच्या तोंडावर ती वाफ येतेच. दादांच्या मनगटावरचा चट्टा मला रोज आठवतो.

मग वापरायचं काय

पहिलं, काहीच नाही. म्हणजे हात, बादली आणि रबरी पंप. सिंकमध्ये चार बोटं पाणी ठेवा, बेसिनला ओव्हरफ्लोचं भोक असेल तर ते ओल्या फडक्याने दाबून धरा, पंप भोकावर नीट बसवा आणि दहा-बारा वेळा जोराने वर-खाली करा. खालीपेक्षा वर ओढण्यात जास्त जोर लावा. नाही उतरलं तर खाली बादली ठेवून ट्रॅपची वाटी काढा, धुवा, रबरी वॉशर जागच्या जागी परत बसवा. पहिल्यांदा करताना अर्धा तास जातो, दुसऱ्यांदा दहा मिनिटं. पुढच्या पाइपसाठी हार्डवेअरच्या दुकानात हँडल फिरवायची लांब स्प्रिंग मिळते. सोसायटीत एक घेऊन ठेवा, सगळ्यांना पुरते.

दुसरं, गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. खाण्याचा नव्हे, धुण्याचा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. किराण्यात सुटा मिळतो, अगदी स्वस्त. तीन-चार चमचे सोडा चार लिटर कडक गरम पाण्यात विरघळवा. उकळतं पाणी नको, हात बुडवता येणार नाही पण पाइप मऊ होणार नाही इतपत. साचलेलं पाणी आधी काढून टाका, मग हे तीन हप्त्यांत ओता, मध्ये दहा-दहा मिनिटं थांबा. सोडा तेलाला सैल करतो आणि गरम पाणी ते पुढे ढकलतं. हाही आम्लारी आहेच, हातमोजे घाला, पण कॉस्टिकच्या तुलनेत फार सौम्य, आणि तो ट्रॅपमध्ये दगड होऊन बसत नाही. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात मात्र हा सोडा घालू नका, पातेलं काळं पडतं आणि खरवडलं जातं. स्टीलचं घ्या.

मी हे दर रविवारी रात्री करते. सरळ पाइप टाकल्यापासून आणि हे सुरू केल्यापासून सिंक एकदाही तुंबलं नाही.

आता खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर. सगळीकडे हाच उपाय फिरतो, म्हणून थोडं स्पष्ट सांगते. दोन्ही एकत्र केले की फेस येतो, तो कार्बन डायऑक्साइडचा. पण एक आम्लारी, दुसरं आम्ल, दोघं एकमेकांना संपवतात, मागे राहतं ते बरंचसं पाणी आणि सोडियम ॲसिटेट. उघड्या पाइपात तो फेस तेलाला हलवत नाही. निरुपद्रवी आहे, वास कमी करतो, पण तुंबलेलं सिंक उघडत नाही. दोन्ही वेगवेगळे वापरले तर जास्त उपयोगी पडतात. व्हिनेगरने जड पाण्याचा पांढरा थर निघतो, सोड्याने वास जातो.

तिसरं, एन्झाइमचं क्लीनर. हे खरंच पर्यावरणाला सोयीचं आहे, पण त्याच्याकडून नको ती अपेक्षा ठेवली की लोक निराश होतात. त्यात बहुधा बॅसिलस जातीचे जीवाणू आणि त्यांची एन्झाइम असतात. लायपेज चरबी तोडतं, प्रोटीएज प्रथिनं, अमायलेज भात-पिठाचा पिष्टमय भाग. काम सावकाश चालतं. रात्री सगळी भांडी आवरल्यावर कोमट पाण्यात ओतायचं आणि सकाळपर्यंत सिंक वापरायचं नाही. पूर्ण बंद झालेल्या पाइपात ते पोचतच नाही, म्हणून आधी पंप, मग एन्झाइम. घासणीचे धागे, राख, प्लॅस्टिक यांना ते हात लावत नाही. आणि त्याच रात्री ब्लीच, फिनेल किंवा उकळतं पाणी टाकलं तर तुम्ही पैसे देऊन आणलेले जीवाणू स्वतःच मारून टाकता. सोडा आणि एन्झाइमसुद्धा एकाच दिवशी नकोत. मी महिन्यातून एक रात्र एन्झाइमला देते.

संत्र्या-मोसंबीच्या सालींचं घरगुती बायोएन्झाइमही आमच्याकडे करतात, एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने मुरवून. फरशी, ओटा, बाथरूमच्या टाइल्स यांना छान. ते बरंचसं व्हिनेगरसारखं आंबट पाणी असतं. पाइपाचा वास घालवायला अर्धी वाटी टाका, पण तेलाचा थर उतरेल असं धरून चालू नका.

बाटली निवडताना

हिरवी पानं, 'नॅचरल', 'इको', 'हर्बल' हे शब्द छापायला कागद स्वस्त आहे. बाटली उलटी करून मागचं वाचा. सोडियम हायड्रॉक्साइड, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, कॉस्टिक, सल्फ्युरिक किंवा हायड्रोक्लोरिक ॲसिड, सोडियम हायपोक्लोराइट, यांपैकी काही दिसलं तर समोरचं पान कितीही हिरवं असो, ती परत ठेवा. कवटीचं किंवा हातावर थेंब पडतानाचं धोक्याचं चिन्ह असेल तरी परत ठेवा. फॉस्फेट असलेलं नको, कारण फॉस्फेट हे जलपर्णीचं खत आहे, आणि उन्हाळा लागताच मुळा-मुठेवर पसरणारी हिरवी चादर पुणेकरांना वेगळी सांगायला नको. घटकच छापलेले नसतील तर त्या कंपनीला पत्र लिहून सुरक्षितता पत्रक मागा. मी दोघांना लिहिलं. एकाने दुसऱ्याच दिवशी पाठवलं, दुसऱ्याने अजून पाठवलेलं नाही. मी पहिल्याचं घेते.

सरकारचं इकोमार्क हे चिन्ह १९९१ पासून आहे, मातीच्या मडक्याचं. साबण आणि डिटर्जंट त्याच्या कक्षेत येतात, २०२४ मध्ये त्याचे नवे नियमही आले. दुकानात ते क्वचितच दिसतं, पण दिसलं तर त्याला वजन आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या नावाखाली फसवे दावे करण्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे 'इको' छापलंय तर पुरावा काय, असं विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. विचारा.

मूळच तोडायचं असेल तर तेल सिंकमध्ये जाऊ देऊ नका. कढई घासायला टाकण्याआधी शिळ्या पोळीच्या तुकड्याने किंवा कागदाने पुसून घ्या, ते ओल्या कचऱ्यात. तळणाचं उरलेलं तेल गार करून बाटलीत भरा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये वापरलेलं तेल जमवून त्याचं बायोडिझेल करण्याची योजना सुरू केली, काही शहरांत ते गोळा करणारे लोक आहेत. तुमच्याकडे नसतील तर बाटली घट्ट बंद करून कचऱ्यात जाऊ द्या, ओतू मात्र नका. सिंकच्या भोकावर बारीक जाळीची वाटी ठेवा. चहाचा चोथा कुंडीत.

बाथरूम तुंबत असेल तर

तिथे तेल नसतं, केस असतात आणि साबणाचा साका. नहाणी ट्रॅपची जाळी उचला, आतली वाटी काढा, केसांचा गुंता हाताने किंवा वाकड्या तारेने ओढून घ्या. किळस वाटेल, पाच मिनिटांचं काम आहे. रसायनाची गरजच नाही. दर पंधरा दिवसांनी केलं तर पुरतं.

गावाकडे, जिथे शोषखड्डा आहे

माझं माहेर रत्नागिरीजवळ. तिथे आणि गोव्यातही कित्येक घरांना गटाराची लाइन नाही, सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा आहे, आणि त्याच आवारात विहीर. जांभ्या दगडात पाणी भराभर मुरतं. टाकीत मैला कुजवायचं काम जीवाणूंचं असतं. तिथे ॲसिड किंवा ब्लीच ओतलं की टाकी मंदावते, गाळ न कुजता शोषखड्ड्यात जातो आणि खड्डा लवकर भरतो. आईला मी फोनवर एवढंच सांगितलं, की संडासाचं ॲसिड बंद कर, ब्रशने घास आणि लागलं तर व्हिनेगर घे. शहरात आपलं पाणी खाली दुसऱ्या गावाला जातं. तिथे ते आपल्याच पोहऱ्यात परत येतं.

तरीही उतरलं नाही तर

दोन दिवस पंप, ट्रॅप, सोडा करूनही पाणी उभंच असेल, तर भिंतीतल्या पाइपात काहीतरी घट्ट अडकलं आहे. तिथे आणखी काही ओतत बसू नका, प्लंबरला बोलवा. त्याला सांगा की स्प्रिंग घेऊन या, ॲसिड आणू नका. काही जण स्वतःच ॲसिडची बाटली घेऊन येतात, तेव्हा नम्रपणे नको म्हणा आणि स्प्रिंगच्या कामाचे जे पैसे होतील ते द्या. घड्यांचा पाइप असेल तर त्याच वेळी बदलून घ्या. सिंकमध्ये आधी कुणी पुडी, ॲसिड, ब्लीच, काहीही टाकलं असेल, तुम्ही किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी, तर दादा ट्रॅपला हात लावायच्या आधी त्यांना ते सांगा आणि रबरी मोजे त्यांच्या हातात द्या.